पंख्यात अडकलेलं टरबूज

ईश्वर रामटेकेने बोट घेतली, तेव्हा परदेशात, ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींनी त्याला सगळ्यात आधी विचारलं, की पोहता येतं का. वैनगंगेकाठी जन्मलेल्या माणसाला पोहता येतं का विचारणं म्हणजे पुण्याच्या माणसाला काही मत आहे का विचारण्यासारखं, असं उत्तर त्याने उल्हास परचुरेकडे बघत दिलं. उल्हास पुण्याचा होता आणि त्याला मत होतं. बोट घेण्याआधी ईश्वरने आपला सल्ला घ्यायला हवा होता, असं ते मत होतं.

दुसरा प्रश्न होता, हर्षितावहिनींना विचारलं का. त्याचं उत्तर ईश्वरने टाळलं. हर्षिता ऑफिसात असताना त्याने बोट ट्रेलरवर घालून आणली होती. संध्याकाळी तिला गाडी गॅरेजमध्ये घालता आली नाही, तेव्हा तिला ती बातमी कळली.

बोट काही मोठी नव्हती. पुढे दोन खुर्च्या, मागे एक आडवं बाकडं, त्याच्यामागे बाहेरच्या अंगाला टांगलेली जुनी मोटर. बाजूचा निळा पट्टा उन्हाने इतका फिकट झाला होता, की तो आहे हे ईश्वरला सांगावं लागे. पण त्या मोटरचा आवाज त्याला आवडला होता, आणि आवाजातलं त्याला कळत होतं. त्याची नोकरीच आवाजाची होती. गाड्यांच्या गिअरबॉक्सला कान लावून कुठून कसला आवाज येतो आणि का येतो, हे शोधायचं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात साउंड सिस्टिम त्याच्याकडेच असे, आणि भाषण चालू असताना तो मागे उभा राहून स्पीकरच्या गुरगुरण्यावर जास्त लक्ष ठेवी.

हर्षिताचं काम वेगळं होतं, पण स्वभावाला तितकंच धरून. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. तिच्या हातात आलेली कुठलीही गोष्ट चूक सापडल्याशिवाय परत गेली नव्हती, आणि यात नवराही आला. बोटीत तर तिला पाय न ठेवताच चुका सापडल्या. छप्पर नाही, बाथरूम नाही, आणि ब्रेक नाही. ईश्वरने समजावलं, की कुठल्याच बोटीला ब्रेक नसतो. ती म्हणाली, मग कुठलीच बोट नको.

असे दोन उन्हाळे गेले. ईश्वर दर रविवारी सकाळी बोलवायचा, "चल, तुला काही करायचं नाही, तू फक्त बस." ती म्हणायची, कपडे धुवायचेत. तो एकटाच सेंट क्लेअर तलावावर जायचा, नाक लाल करून परत यायचा.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हर्षिताने चहाच्या वेळी सहज सांगितलं, की उल्हासभाऊ बोट घ्यायला तयार आहेत. ईश्वरचा कप तोंडापाशी थांबला. ज्या उल्हासने दोन वर्षं त्या बोटीला बादली म्हटलं होतं, त्याला ती विकत हवी होती. ईश्वरने बरीच खळखळ केली आणि शेवटी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. एकदा, फक्त एकदा हर्षिताने बोटीतून यायचं. फेरी तिच्या पसंतीला उतरली तर बोट राहील. नाही उतरली, तर उल्हास घेऊन जाईल.

"म्हणजे पास किंवा फेल," हर्षिता म्हणाली.

"हो."

"मग उल्हासभाऊंनाही त्याच दिवशी बोलावते. त्यांनाही बघायचीच आहे."

आपण कशाला हो म्हटलं ते ईश्वरच्या रात्री लक्षात आलं. बायकोला बोट आवडायला हवी होती आणि मित्राला आवडायला नको होती. एकच मोटर एकाच वेळी उत्तम आणि भिकार कशी चालवायची, हे त्याला कुठल्याच कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

जुलैतला एक रविवार ठरला. आदल्या दिवशी त्याने बोट धुतली, गाद्या पुसल्या, लाइफ जॅकेटं उन्हात घातली. आणि बाजारातून एक टरबूज आणलं. त्याच्या मनात एक बेत होता, आणि तो त्याने कुणाला सांगितला नाही.

लहानपणी उन्हाळ्यात वैनगंगेचं पात्र आटलं, की मासेमारी करणारे ढिवर लोक वाळूत डंगरवाड्या, म्हणजे टरबुजांच्या वाड्या, लावायचे. टरबुजं वेलावरून उतरवली, की जाळ्यात घालून डोंग्याच्या, म्हणजे लाकडी होडीच्या, बाजूला खोल पाण्यात सोडायची, वजनाला दगड बांधून. दुपारपर्यंत ती अशी गार होत, की दात कळवळावेत. फ्रिजमधल्या टरबुजाला ती चव नसते, हे ईश्वर लग्नापासून सांगत आला होता आणि हर्षिता लग्नापासून मान डोलवत आली होती. आता तो तिला ती चव देणार होता. आणि मग बोट कोण विकतं ते बघू.

कांद्याची पंचवीस पौंडांची पिशवी येते, तिची लाल जाळी त्याने घेतली. टरबूज तिच्यात नीट बसलं. पण टरबूज पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वजन हवं होतं, आणि ट्रॉयमध्ये मनासारखा दगड सापडेना. ज्याच्या त्याच्या अंगणातले दगड सजावटीचे. शेवटी त्याची नजर स्वयंपाकघरातल्या लोखंडी खलबत्त्यावर गेली. खल त्याने तिथेच ठेवला. बत्ता नेला.

रविवारी सकाळी उल्हास टोपी, काळा चष्मा आणि बायकोने, नीलांबरीने, दिलेला चिवडा घेऊन हजर झाला. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, मोटरवर टिचकी मारली आणि विचारलं, "काय देते?"

"काही देत नाही, नुसती घेते," ईश्वर हळूच म्हणाला. "पेट्रोल पिते यार. बाकड्याखालून पाणी पण येतं."

"अहो, पाणी येतं?" मागून हर्षिताने विचारलं.

"नाही नाही," ईश्वर मोठ्याने म्हणाला. "एक थेंब नाही."

पण फेरी छान सुरू झाली. तलाव त्या दिवशी इतका शांत होता, की ईश्वरला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. बरंच आत गेल्यावर, लव्हाळ्यांच्या एका लांब पट्ट्याजवळ त्याने मोटर बंद केली आणि नांगर टाकला. मग बाकी दोघं पुऱ्यांचा डबा उघडत असताना त्याने मागे जाऊन जाळी पाण्यात सोडली आणि तिची नायलॉनची दोरी मागच्या खुंटीला बांधली. गाठ त्याने गावाकडची मारली, गुरांच्या दाव्याची. बैलाने ओढली तर आणखी घट्ट होते, अशी.

"कलिंगड का रे ते?" उल्हासने विचारलं.

"टरबूज," ईश्वर म्हणाला.

यावर दोघांचं पंधरा वर्षांचं भांडण होतं. ते त्यांनी पुऱ्या संपेपर्यंत पुन्हा एकदा भांडून घेतलं.

हर्षिता सुरुवातीला खुर्चीचे दोन्ही हात धरून बसली होती. मग तिने एक हात सोडला. मग दुसरा. मग चपला काढल्या. एक करडा बगळा लव्हाळ्यांतून उडाला, तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. ईश्वर चिवडा खाता खाता चोरून तिच्याकडे बघत होता. तिची परीक्षा घ्यायची सवय त्याला माहीत होती. गप्प राहिली, की समजायचं गुण चढतायत.

आणि मग ती म्हणाली, "वारा छान आहे. अजून जरा पुढे जाऊ या का?"

दोन उन्हाळे आणि दोन अख्खे हिवाळे ईश्वर ज्या वाक्याची वाट बघत होता ते हे. तो उठला, नांगर वर ओढला, लाल दोरीची चिमटी पँटला लावली आणि मोटर सुरू केली. ती दोरी चालवणारा पाण्यात पडला तर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून असते. दुसरी एक दोरी मागच्या खुंटीला बांधलेली आहे, हे त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. त्याने गिअर टाकला.

आधी घर्र झालं. मग 'ठण्' असा स्वच्छ, गोल आवाज आला. मग मोटर बंद पडली. बोट हळूच एका बाजूला वळली आणि थांबली.

ईश्वरला त्या क्षणी सगळं कळलं. आवाजावरूनच कळलं. पण बायकोच्या चेहऱ्यावर ते गुण अजून चढलेले होते. तो म्हणाला, "काही नाही. जुनी मोटर आहे, मध्ये मध्ये दम खाते. एखादं लाकूड लागलं असेल."

हर्षिता मान तिरकी करून बसली होती.

"ते लाकूड नाही," ती म्हणाली. "तो माझा बत्ता आहे."

उल्हासने चष्मा वर केला.

"वीस वर्षं त्याने लसूण कुटतेय मी. माझ्या आईचा आहे तो. माझा बत्ता पाण्यात काय करून राहिला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. ईश्वरने टरबुजाचं, जाळीचं, वजनाचं सगळं सांगितलं. सांगताना त्याने टरबुजाची घनता पाण्यापेक्षा कशी किंचित कमी असते हेही सांगितलं, कारण त्याला वाटलं त्याने गुन्हा थोडा हलका होईल. झाला नाही. मागे पाण्यावर गुलाबी फेस पसरत होता आणि त्यात काळ्या बिया तरंगत होत्या. बारीक मासे जमायला लागले होते.

"जोरात रेस कर," उल्हास म्हणाला. "तुटेल दोरी."

"नायलॉन आहे. वितळून मोटरच्या पंख्याला चिकटेल. मग हातोडीनेच काढावं लागेल."

"मग कापून टाक."

"पंख्यापाशी कापली तर जाळी तळाला जाईल," ईश्वर म्हणाला, आणि पुढे काय ते कुणाला सांगावं लागलं नाही. तळाशी हातभर शेवाळ आणि गाळ. तिथे पडलेला बत्ता शोधायला गेलं, तर त्याच्याआधी जुन्या जहाजांचे तुकडे सापडले असते.

"बत्ता गेला," हर्षिता म्हणाली, "तर टेस्ट इथेच संपली."

वाऱ्याने बोट लव्हाळ्यांकडे सरकायला लागली होती. आधी नांगर टाकायचं सुचलं तेही तिलाच. उल्हासने तो टाकला, आणि टाकताना असा काही आविर्भाव केला, की जणू समोर अख्खं आरमार बघतंय. मग त्याने फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

ईश्वर मागच्या फळीवर पालथा झोपला आणि पाण्यात हात घातला. पंख्याभोवती दोरीचे वेढे घट्ट बसले होते. त्याच्यावर लाल जाळी पिळून बसली होती.

"थांबा," हर्षिता म्हणाली. "किल्ली कुठे आहे?"

"लावलेलीच आहे."

"हात पंख्यात घालून किल्ली लावलेली? हात काढा आधी." ती उठली. आपण तरंगत्या बोटीत उभ्या आहोत याचा तिला बहुधा विसर पडला होता. तिने किल्ली काढून मुठीत घेतली, नवऱ्याच्या पँटची लाल दोरी सोडवून मनगटाला गुंडाळली. "आता सांगा. काय अडकलंय, आणि ते कुठल्या क्रमाने काढायचं?"

ईश्वरने फळीवरूनच सांगायला सुरुवात केली. मोटर वर उचलायला हवी, म्हणजे पंखा पाण्याबाहेर येईल. पण दोरीचं एक टोक खुंटीला आणि दुसरं पंख्याला, मध्ये ती तारेसारखी ताणलेली. म्हणजे आधी खुंटीची गाठ.

"ती कुणी मारली?"

"मीच. दाव्याची आहे."

"म्हणजे सुटणार नाही."

सुटली नाही. टरबूज कापायला आणलेली दातेरी सुरी हर्षिताने घेतली, दोरी खुंटीपाशी कापली आणि मोकळं टोक उल्हासच्या हातात दिलं. फोन ठेवा आणि हे धरा, असं तिने सांगितल्यावर उल्हासने फोन ठेवला. मग दोघा पुरुषांनी मिळून मोटर वर ओढली, खटका बसवला आणि पंखा पाण्याबाहेर आला.

तो पंखा आता पंख्यासारखा दिसत नव्हता. लाल जाळी, निळी दोरी, मध्ये टरबुजाचं अर्धं भकल, आणि एका फाटक्या कोपऱ्यातून अर्धा बाहेर लोंबणारा बत्ता. जाळीचे दोन-चार धागे त्याला धरून होते. खाली सेंट क्लेअरचं हिरवं पाणी.

ईश्वरने पंख्याला हात लावला तसा बत्ता डुलला. ईश्वरने हात मागे घेतला.

"तुम्ही पंखा सांभाळा, बत्ता माझ्याकडे," हर्षिता म्हणाली. किल्ली तिने उल्हासच्या खिशात टाकली आणि बजावलं, की भाऊजी, ही तिथेच राहील. मग ती गुडघे टेकून, कंबरेपर्यंत बाहेर वाकली. ही बाई टबमध्येसुद्धा तळ दिसत असला तरच उतरायची. तिने एक हात मोटरवर टेकला, दुसरा खालून घातला आणि बत्त्याचं बूड पकडलं. लाटेने तिची बाही कोपरापर्यंत भिजली. तिला ते कळलंही नाही. बत्ता बाहेर आला. तिने तो उन्हात धरून सगळीकडून तपासला, ओढणीला पुसला आणि खुर्चीवर ठेवला.

"चला," ती म्हणाली. "आता उरलेलं."

उरलेलं म्हणजे वेढे सोडवणं. पण पंखा फिरेचना, कारण मोटर बंद पडताना गिअरमध्येच राहिली होती. ईश्वरने पंखा किंचित हलवत राहायचं आणि हर्षिताने पुढे जाऊन गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायचा, असं ठरलं. पहिल्यांदा तिने तो भलतीकडे ढकलला. दुसऱ्यांदा 'खट्' झालं आणि पंखा मोकळा फिरला. त्या 'खट्'वर ती नकळत हसली. तिला आवडली होती ती गोष्ट.

"उलटा फिरवा," तिने परत येऊन सांगितलं.

"उलटाच फिरवतोय."

"तुमचा उलटा नाही हो, पंख्याचा उलटा. तुम्ही डोकं खाली करून बघताय."

खरंच होतं. ईश्वरने दिशा बदलली आणि दोरी सैल पडायला लागली. तो पंखा फिरवी, उल्हास टोक ओढी, हर्षिता कुठला वेढा कुणाखाली गेलाय ते बघून दोघांना थांबवी, सोडी, पुन्हा थांबवी. एका जागी दोरी वितळून गोळा झाली होती. तेवढाच तुकडा सुरीने कापला. मध्येच टरबुजाचं भकल सुटून उल्हासच्या पायाशी पडलं. त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"गार झालंय रे तुझं टरबूज," तो म्हणाला.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा उल्हासने त्याला टरबूज म्हटलं होतं. पण ईश्वरला त्याचा आनंद झाला नाही, कारण लगेच उल्हास म्हणाला, की अशी मजा वर्षभरात आली नव्हती, बोट आपण घेतली म्हणून समज.

ईश्वरने हर्षिताकडे बघितलं. ती पंख्याच्या एका पात्यावर बोट फिरवत होती. पात्याच्या कडेला बत्त्याचा घाव बसून खळगा पडला होता.

आता त्याला एक सांगायचं होतं, आणि ते सांगितलं तर फेरी नापास होणार हे त्याला माहीत होतं. पण तो आवाज शोधणारा माणूस होता. बिघडलेल्या यंत्राला चांगलं म्हणणं त्याला जमायचं नाही. त्याने सांगितलं, की पातं वाकलंय, मोटर थरथरणार. पंख्याच्या मागे, तो ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, दोरीचा धागा गेला असेल तर आतलं पाणी अडवणारं सील खराब होईल. घरी जाऊन पंखा काढूनच बघावा लागेल. आता अगदी हळू जायचं, आणि कुणीतरी मागे बसून सारखा आवाज ऐकत राहायला हवं. थरथर वाढली की तिथेच थांबायचं.

"आवाज कुणाला कळतो?" हर्षिताने विचारलं.

"मला."

"मग तुम्ही मागे बसा."

"आणि चालवणार कोण?"

उल्हासने टोपी सरळ केली. हर्षिताने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. हळू हा शब्द उल्हासभाऊंच्या गाडीतसुद्धा बसत नाही, असं ती म्हणाली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

तिने मोटर सुरू केली. ईश्वर मागे बाकड्यावर, मोटरकडे कान करून बसला. बोट लव्हाळ्यांपासून सुटली आणि बदकाच्या चालीने किनाऱ्याकडे निघाली. पहिल्यांदा ती चाक गाडीसारखं वळवायची आणि बोट थोड्या वेळाने, आपल्या सवडीने वळायची. मग तिने तेवढा वेळ धरायला सुरुवात केली. वळायच्या आधी वळवायचं, आणि सरळ व्हायच्या आधी सरळ करायचं. कुणी सांगितलं नव्हतं. ती पुटपुटत होती, "म्हणजे डिले आहे. ठीक आहे." शेजारून एक मोठी बोट लाटा उडवत गेली, तेव्हा ईश्वर ओरडून सांगणार होता, पण त्याआधीच तिने पुढचं टोक लाटेवर घेतलं होतं.

"आवाज?" तिने मागे न बघता विचारलं.

"तेवढाच आहे."

"बोलत राहा. गप्प बसलात तर मला कळणार कसं?"

तो बोलत राहिला. थरथर तेवढीच आहे, आता किंचित कमी, वेग कमी कर, बरोबर, आता ठीक. इतकं बोलणं त्या दोघांत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

धक्क्याला बोट लागली ती जरा धप्पकन लागली. उल्हासच्या हातातला चिवडा सांडला. बोट बांधून झाल्यावर त्याने हात झाडले आणि विचारलं, "मग वहिनी, ट्रेलर कधी आणू?"

"नका आणू भाऊजी," हर्षिता म्हणाली. "अजून टेस्टिंग चालू आहे."

उल्हासने ईश्वरकडे बघितलं. ईश्वरने खांदे उडवले. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. उल्हास व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो म्हणाला आणि गेला.

दोघं बोट पुसत राहिली. पुसता पुसता ईश्वरने विचारलं, "तुला आवडली?"

"दोन वर्षं तुम्ही मला काय म्हणून बोलवत होतात?" तिने पिळलेला फडका झटकला. "चल, तू फक्त बस. मला फक्त बसायचं असेल तर घरी सोफा आहे. तो डुलत पण नाही."

ईश्वर फडका हातात धरून उभा राहिला. आपण हे वाक्य किती प्रेमाने म्हणत होतो, ते सांगावं की नाही याचा त्याने विचार केला. नाही सांगितलं.

"मग पास का फेल?"

"फेल," ती म्हणाली. "प्रवासी नेताना बोटीची मोटर मधेच बंद पडली, नवऱ्याने खोटं सांगितलं, आणि धक्क्याला लागताना मी बोट आपटली. पुन्हा घ्यावी लागणार टेस्ट. आधी पंखा दुरुस्त करा. पुढच्या वेळी मला मागे घ्यायला शिकवा, रिव्हर्समध्ये. तिथे सगळ्यात जास्त चुका असणार."

नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ईश्वरला कुठलाही पेपर पुन्हा द्यावा लागला नव्हता, आणि याचा त्याला मोठा अभिमान होता. त्या रविवारी दुपारी मात्र तो गॅरेजमध्ये शिट्टी वाजवत पंख्याचा नट सोडवत बसला होता. हर्षिता शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरत होती, आणि कुठला वॉशर कुणाच्या आधी निघाला ते त्याला दर वेळी विचारत होती.